हिरवे दगड कडेला कसे आले

नागपूर सोडलं तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. हिमनदीच्या पाठीवरचे दगड कसे वाहतात याचं गणित, म्हणजे संगणकावरचं मॉडेल, मी दोन वर्षं रामदासपेठेतल्या एसीत बसून मांडत होते, आणि हिमनदी मात्र एकदाही पाहिली नव्हती. हिमाचलातल्या लाहौलमधल्या एका गावातून डोल्मा नावाच्या बाईंनी फोटो पाठवला : हिमनदीच्या कडेच्या मेंढ्यांच्या वाड्यावर दगड कोसळलेले. माझ्या मॉडेलप्रमाणे तिथे दगड यायलाच नको होते. "एका फोटोसाठी मॉडेल बदलत नसतात," आमच्या विभागाचे प्रमुख असलेले सर म्हणाले. त्याच मॉडेलवरच्या आमच्या अहवालाच्या भरवशावर गावची शाळा हिमनदीच्या कडेला बांधायचं ठरलं होतं. मी रजा टाकली आणि निघाले. उपकरणं सांभाळणारे काटोलचे गजाननभाऊही स्वतःहून सोबत आले.

दिल्लीपर्यंत रेल्वे, मनालीपर्यंत बस, पुढे जीप. वाटेत टायर फुटला, दोन तास गेले. पोचलो तेव्हा डोल्माताईंनी थुक्पा (शेवयांचा गरम रस्सा) पुढे ठेवला. तक्रारीचा एक शब्द नाही. फक्त विचारलं, "आपका कंप्यूटर क्या बोलता है?"

सकाळी त्यांच्यासोबत वर चढलो. हिमनदी पांढरी नव्हतीच. खोदून ठेवलेल्या रस्त्यासारखी, सगळीकडे करडा राडारोडा. दगड कुठे सरकतात ते कळावं म्हणून आमच्या आधीच्या पथकाने मधोमध काही दगड हिरवे रंगवले होते. माझ्या मॉडेलप्रमाणे ते सरळ खाली सरकायला हवे होते. थंडीने जीपीएसची बॅटरी बसली, म्हणून टेप धरून शोधत राहिलो.

"मॅडम, हा इथं काहून आला?" गजाननभाऊ कडेवरून ओरडले. "आपल्या नकाशात त मधातून चालून राहिला होता!"

कारण पायाखालीच होतं. दगडांच्या जाड थराखालचा बर्फ झाकलेला, तो हळू वितळतो. शेजारचा उघडा बर्फ भराभर खचतो. उंचवटा तयार होतो आणि दगड बाजूला घरंगळतात. माझं गणित त्यांना फक्त पुढे ढकलत होतं. कडेच्या खाली शाळेच्या पायासाठी चुन्याच्या रेषा आखलेल्या. आम्ही बघत असतानाच शिलाई मशीनएवढा एक धोंडा सुटला आणि त्या रेषांच्या आत जाऊन आदळला.

मी त्या उतारावर बेभान होऊन ओरडले.

"दगडावर रागावून काय होते, मॅडम?" गजाननभाऊ म्हणाले. "ज्याच्यावर राग आहे त्याले फोन लावा."

गावात उतरून लावला. सर म्हणाले, "तू रजेवर आहेस. परत आल्यावर बोलू." मी फोन ठेवला आणि पंचायतीच्या वहीत स्वतःच्या सहीने लिहून दिलं : मॉडेल चुकीचं आहे, इथे बांधू नका. सरपंचांनी काम थांबवलं. शाळा आता पलीकडच्या पठारावर होते आहे.

नागपूरला परतून मी गणित नव्याने मांडलं. आता त्यात दगड कडेलाही घरंगळतात. सरांनी पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "छान. पुढच्या अहवालात घालू."

"आधी जुना अहवाल चुकला होता असं लिहा," मी म्हटलं.

त्यांनी ते अजून लिहिलेलं नाही. मीही नव्या गणिताची फाइल त्यांना दिलेली नाही. प्रवासाने माणूस निवळतो म्हणतात. मी निवळले नाही, आणि निवळायची मला घाईही नाही.