पितृपक्षातला आठवडा

आमच्याकडे माणूस पिशवी घेऊन बसस्टँडवर उभा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काहून जाता?" उत्तरंही ठरलेली. लग्न, मयत, दवाखाना, कोर्ट, नाहीतर देव. लग्न होऊन सानगडीला आले तेव्हापासून मी जिथं जिथं गेले ती यातल्याच कशासाठी तरी गेले. नागपूर मला दवाखान्यांवरून ओळखू येतं. पुण्याला गेले ती पुतणीला नोकरी लागली तेव्हा, तांदळाची चुंगडी आणि भांडीकुंडी पोचवायला, आणि दुसऱ्या दिवशी परत. तक्रार करत नाही, जे होतं ते सांगते.

प्राग आमच्या घरात मोबाइलमधून आलं. पुतणीनं एक व्हिडिओ पाठवला होता. जुन्या चौकात उंचावर एक घड्याळ, तास झाला की वरच्या खिडक्या उघडतात आणि आतून पुतळे फिरून जातात. घड्याळ ठीकच आहे. मी बघत राहिले ती खाली जमलेली माणसं. भर दुपारी एवढी माणसं वर तोंड करून उभी. काम ना धाम, कुणाला कुठं पोचायचं नाही. मला त्यांचा हेवा वाटला, अगदी पोटातून वाटला. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, मला या गावात एक आठवडा राहायचं आहे, आणि तिथं मला काही काम नको.

"कामच नाही तं आठ दिवस करू काय तिथं?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या परीनं प्रश्न बरोबर होता. जन्मभर धान्याच्या दुकानात बसलेला माणूस. पण दुकान आता मुलानं हाती घेतलं होतं, आणि यांना नाही म्हणायला दुसरं कारण सापडेना. पासपोर्ट काढले. बेत आखायला पुतणी होतीच. ती रोज रात्री जेवणं झाली की फोन करायची. एक दिवस किल्ल्याला, एक दिवस नदीवरच्या पुलाला, एक दिवस जुन्या देवळांना, म्हणजे चर्चना. मी म्हटलं, दोन दिवस कोरे ठेव. ती म्हणाली, "काकू, इतक्या लांब जाऊन दिवस वाया कायले घालवता?" मी म्हटलं, वाया घालवायलाच जाते, ठेव कोरे. नवऱ्याला किल्ल्याशी घेणंदेणं नव्हतं, तिथं भात मिळतो का एवढंच त्यांना हवं होतं. मिळतो म्हटल्यावर कसा मिळतो, मोकळा की गिचका, यावर दोन दिवस गेले.

आठवडा कुठला, हे मात्र मी एकटीनं ठरवलं, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. रोवणी, निंदण आटोपलेलं, धान निसवायला लागलेला, कापणी लांब. आणि मुख्य म्हणजे पितृपक्ष. पितृपक्षात आमच्याकडे साखरपुडा नाही, वास्तू नाही, नवी खरेदी नाही. कुणाचं शुभकार्य नाही म्हणजे मला कुणाचं बोलावणं नाही. घरच्या तिथ्या पहिल्या दिवसांतच येतात, त्या करून निघायचं. वर्षात एवढाच आठवडा असा, की माझ्यावाचून कुणाचं अडत नाही. पुतणीनं तिकिटं काढली. व्हिसासाठी बोटांचे ठसेही देऊन आलो.

मग गावाला कळलं, आणि प्रश्न सुरू झाला. काहून जाता? मला विचारलं की मी सांगायची, फिरायला. लोक हसायचे, आणखी थोडा वेळ थांबायचे, खरं काय ते कळेल म्हणून. एक बाई तर हळूच म्हणाली, "कोनता आजार हाये व, सांग ना." मी हसण्यावारी नेलं. नवरा नेऊ शकला नाही. चहाच्या टपरीवर चारचौघांनी घेरलं तेव्हा ते सांगून मोकळे झाले, पोट्टा पाहाले जातो. पुतणीसाठी. साकोलीकडच्या एका ओळखीच्या माणसाचा मुलगा जर्मनीत आहे, आणि जर्मनी तिथून जवळ आहे.

बस, गावाची शंका फिटली. पोट्टा पाहायला माणूस कुठंही जाऊ शकतो.

मला हे कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "तुमाले दुसरं काई सुचलं नाही?" ते म्हणाले, "लोकाइले सांगू काय मंग?" मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. बोलले असते तरी उपयोग नव्हता, कारण बातमी तोवर पुतणीच्या वडिलांपर्यंत पोचली होती.

पुतणीचे वडील म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. गल्लीच्या त्या टोकाला एकटे राहतात. माझी जाऊ दोन वर्षांमागे गेली. पुतणीचं लग्न तेव्हापासून त्यांच्या उरावर बसलेलं, आणि आई नाही म्हणजे बघणंसवरणं काकूनं करायचं, हे कुणी सांगायला लागत नाही. ते सकाळीच आले, पत्रिका आणि फोटो घेऊन. आमच्यात भासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नसतं. डोक्यावर पदर, नजर खाली, निरोप असेल तो मुलांकरवी. इतकी वर्षं मी त्यांना चहा देते, पण त्यांना काय म्हणून हाक मारायची हे मला आजही माहीत नाही. मी दाराआड उभी राहिले.

त्यांचा चेहरा कधी नव्हे तो खुललेला होता. पत्रिका त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली. म्हणाले, "पन पितरपाटात पोट्टा पाहाले कोन जाते गा? तिकिटं पुढं सरकव. दसरा होऊ दे, मंग जा."

दसऱ्यानंतर कापणी. मग चुरणा म्हणजे मळणी, मग मंडईची जत्रा आणि पाहुणे, मग उन्हाळी धान. दसऱ्यानंतर म्हणजे कधीच नाही. हे नवऱ्याला माझ्याइतकंच कळत होतं. ते मान खाली घालून पत्रिकेवरची हळद नखानं खरवडत होते, आणि आता हो म्हणणार हे मला दिसलं.

मी चहा घेऊन बाहेर आले. कप ठेवला आणि परत फिरले नाही. फरशीकडे बघत म्हटलं, "पोट्टा पाहाचा नाही हाये. मी फिराले जाऊन राहिली. मले तिथं काईच काम नाही."

माझाच आवाज मला अनोळखी वाटला. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते पाहत नसतात. भावाला म्हणाले, "मंग मले खोटं काहून सांगतलं?"

"बायकोले फिराले नेतो म्हनाची लाज वाटली," नवरा म्हणाला.

हे मला लागलं. पण ते खरं बोलले.

भासऱ्यांनी पत्रिका परत मागून घेतली. घडी घातली, खिशात ठेवली. चहावर साय धरली. मग त्यांनी विचारलं, "तुही वहिनी कोठी गेली होती का गा कदी? काम नसताना?"

नवऱ्यानं खरोखर आठवून पाहिलं. मीही तिथंच उभी राहून जावेचं आठवत होते. माहेर आठवलं, तर ते बाळंतपणांना. रामटेक आठवलं, तर ते नवस फेडायला. नागपूर आठवलं, तर ते तिच्या दवाखान्याला, आम्ही तिघंही सोबतच होतो.

"नाही," नवरा म्हणाला.

भासऱ्यांनी चहा संपवला. उठले, चपला घातल्या, आणि उंबऱ्याशी थांबून पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "धानाच्या बांधीतल्या पान्याचं मी पाहीन. तू जा."

मला त्यांची फार दया आली. खिशातून फोटोचा कोपरा वर आलेला दिसत होता. एक दिवस जर्मनीला जाऊन पोट्टा पाहून येतो, हे शब्द अगदी माझ्या ओठांवर आले. कोरे ठेवलेले दोन दिवस होतेच. मी ते शब्द गिळले, कप उचलला आणि आत गेले.