एकही अमावास्या मोकळी नाही

आमच्या घरात माझ्या डोळ्यांपेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरला जास्त मान आहे, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

क्रांती चौकाजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आषाढात निदान केलं. डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू निकामी होतोय, अंधारातलं दिसणं आधी जातं, मग कडेचं. दिवसाची नजर बरीच वर्षं टिकेल, पण यावर औषध नाही. त्याआधी कितीतरी दिवस मी तिन्हीसांजेला जिन्यात ठेचकाळत होते, पार्किंगमधल्या स्कूटरांना धडकत होते आणि सोसायटीच्या दिव्यांना शिव्या देत होते. दिवे ठणठणीत होते. डॉक्टर तसे भले गृहस्थ, पण उठता उठता म्हणाले, "रात्रीचं काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या." थिएटरातून सिनेमा उतरायच्या आधी सांगावं, तसं.

मला एकच गोष्ट बघायची होती. सिल्लोडच्या पुढं आमचं शेत आहे. लहानपणी हिवाळ्यात हरभऱ्याच्या राखणीला वडील जायचे आणि मी नि दादा त्यांच्यामागं हट्टानं जायचो. एका गोधडीत दोघं उताणे. डोक्यावर आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पूर्वेकडं कृत्तिकांचा झुबका. वडील विचारायचे, किती दिसतात? दादा वर न बघताच "सात!" म्हणायचा आणि कूस बदलून घोरायला लागायचा. मी नीट मोजायचे आणि सहा सांगायचे. त्यावर तो झोपेतनं म्हणायचा, "तुला नाय दिसत, डोळे फुटलेत तुझे." हे वाक्य त्याला आठवत नसणार. मला आठवतं.

ते आकाश मला एकदा, त्याच शेतातून, पुन्हा बघायचं होतं. पडेगावला माझ्या गच्चीवरून काही दिसत नाही. एका बाजूला हायवेचे दिवे, दुसऱ्या बाजूला लग्नाचं लॉन, आणि त्या लॉनवाल्यानं ढगांना गुदगुल्या करणारा एक झोत वर सोडलेला. मला रात्री गाडी चालवता येत नाही. टॅक्सीवाल्याला काय सांगणार, मला घनदाट अंधारात नेऊन सोड म्हणून? राहिला दादा. तो वाळूजच्या कंपनीत आहे, त्याच्याकडं गाडी आहे आणि शेताची देखरेखही तोच करतो.

"त्यात काय एवढं?" दादा म्हणाला. "घेऊन जातो की. सांग कधी."

मी समजावलं. चंद्र आकाशात असला की बारीक तारे धुऊन निघतात, आकाशगंगा तर पुसूनच जाते. म्हणून अमावास्या हवी. तीच पाहिजे असंही नाही, वद्य अष्टमीनंतर चंद्र उगवायलाच मध्यरात्र होते, तोवरचा अंधार आपलाच. दादानं मान डोलावली. मग त्यानं कॅलेंडर काढलं, आणि तिथं माझा घात झाला.

श्रावणातली अमावास्या पोळ्याची. शिवाय पाऊस. ठीक आहे, ढगांशी मी भांडत नाही.

भाद्रपदातली सर्वपित्री. "पितरांच्या दिवशी कुणी फिरायला जातंय व्हय?" मी म्हटलं, चार दिवस आधी जाऊ. "आख्खा पंधरवडाच पितरांचा हाय, माय." मी म्हटलं, पितरांत आपले वडीलही आले, त्यांनीच तर तारे दाखवले होते. तो म्हणाला, "उगं वाकडं बोलू नको."

आश्विनातली लक्ष्मीपूजनाची. त्या रात्री घर सोडायचं नाही, आणि त्याच्या आधीचा आठवडा साफसफाई, फराळ, कंपनीतली कामं यांचा. एरवीही अमावास्येला तो गाडी बाहेर काढत नाही. आरशाला लिंबू-मिरची टांगून, वर स्वतः गाडीत बसत नाही. इंजिनियर माणूस! मराठी माणसाच्या सगळ्या अमावास्या देवांनी, बैलांनी आणि मेलेल्यांनी आधीच अडवून ठेवल्यात. आंधळ्या होत चाललेल्या बहिणीसाठी एकही शिल्लक नाही.

आणि मग त्यानं माझ्यावर उपकार केला. कोजागरीच्या संध्याकाळी फाटकाशी हॉर्न वाजला. दादा, त्याच्यामागं आणखी दोन गाड्या, कंपनीतले मित्र, त्यांच्या बायका, दुधाचं पातेलं, गॅसची शेगडी आणि एक भलामोठा स्पीकर.

"चल, तुला आकाश दाखवतो!"

"आज पौर्णिमा आहे," मी म्हणाले.

"मग? आकाश बघायचा दिवसच हाय आजचा."

मी जायला नको होतं. पण फाटकात तमाशा नको म्हणून गेले. शेतात इतका लख्ख उजेड होता की मलासुद्धा बांध दिसत होता. तारे म्हणाल तर औषधालाही नाहीत. स्पीकरवर गाणी सुरू झाली. मी पडू नये म्हणून दादानं घरून माझ्यासाठी खुर्ची आणली होती, ती मधोमध मांडली, मला बसवलं आणि हातात दुधाचा ग्लास दिला. "आता निवांत बघ," म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हिच्यासाठीच केलं हे सगळं."

मी ग्लास जमिनीवर ठेवला. "तुला आकाश नको होतं, तुला बासुंदीएवढं घट्ट दूध पाहिजे होतं," मी म्हणाले. "माझी नजर पुरती गेली की मग गाडी काढ. तेव्हा काही अडणार नाही, कुठल्याही दिवशी ने." गाणं कुणीतरी बंद केलं. दादा म्हणाला, "लोकांसमोर शोभतं का हे?" मी गाडीत जाऊन बसले ती परत निघेपर्यंत उतरले नाही. त्यानंतर आमचा अबोला. दिवाळीची भाऊबीज वहिनीच्या मध्यस्थीनं तीन वाक्यांत उरकली. कार्तिकातली अमावास्या खरं तर मोकळी होती, ती त्या अबोल्यातच गेली.

वहिनी लातूरकडची. मार्गशीर्षात तिचा फोन आला.

"ताई, येळवस अमावस्येला असते, ठाऊक हाय ना?"

मला अर्धवट ठाऊक होतं. लातूरकडं मार्गशीर्ष अमावास्येला अख्खी गावं ओस पडतात. सगळे शेतात जातात, ज्वारीच्या पिकात पूजा करतात, आंबील आणि भज्जी खातात. आमच्याकडं ही रीत नाही, म्हणून लग्न झाल्यापासून वहिनीची येळवस बंद.

"ह्या वर्षी मी करणार," ती म्हणाली. "ह्यांना सांगितलं, इतकी वरसं शेताचा मान बुडवला, आता कोप झाला तर मला विचारू नका. तवापासून गप हायेत. तुम्ही या. आणि तुमच्यासाठी करत नाय बरं का, माझ्यासाठीच करते."

देवाला भिणाऱ्या माणसाला देवाचीच भीती घालावी लागते, हे मला कधी सुचलं नव्हतं. अमावास्येला दुपारी लिंबू-मिरचीसकट गाडी निघाली. सिल्लोड मागं पडेपर्यंत दादा माझ्याशी बोलला नाही, मीही बोलले नाही. वहिनी मध्येच मोठमोठ्यानं गाणं म्हणत होती.

पूजा झाली, जेवण झालं, सूर्य कलला. दादा डबे गाडीत ठेवायला लागला. "अंधाराच्या आत निघू."

"हेंडगा राहिलाय," वहिनी म्हणाली. कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवायची, त्याला हेंडगा म्हणतात, आणि तो अंधार पडल्याशिवाय पेटवत नाहीत. दादा नाइलाजानं थांबला. अंधार झाल्यावर वहिनी पेटती पेंढी घेऊन हरभऱ्याभोवती पळाली. आयुष्यात तिला मी इतकी खूश बघितली नव्हती. ती जाळ विझवून गाडीत जाऊन बसली, आणि दादानं लगेच हेडलाइट लावले.

"बंद कर ते!" मी ओरडले.

"पडशील ना."

"पडू दे मला!"

त्यानं बंद केले. मग येऊन माझं कोपर धरलं. मी झटकलं. त्यानं पुन्हा धरलं.

डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, म्हणून मी आधी मिटून घेतले. मग वर बघितलं. मोठे चार-दोन तारे होते, इकडं एक, तिकडं एक. मधे सगळं काळं. मी थांबले. मान दुखेपर्यंत थांबले. आकाशगंगा जिथं असायला हवी तिथं शेताएवढाच अंधार होता. ती गेली होती. आणि श्रावणात आले असते, भाद्रपदात आले असते, तरी ती दिसली नसती, कारण डॉक्टरांनी सांगितलंच होतं, हे असं दोन-चार महिन्यांत जात नाही. म्हणजे ज्या अमावास्यांसाठी मी सख्ख्या भावाशी उभा दावा मांडला होता, त्यांनी काही फरक पडला नसता. हे कळल्यावर राग कमी व्हायला हवा होता. उलट तो वाढला, कारण आता तो कुणावर काढायचा हेच कळेना.

"दिसतंय का?" दादानं विचारलं.

"नाही."

त्याची कोपरावरची पकड घट्ट झाली.

"लई हायेत गं," तो हळूच म्हणाला. मला वाटतं, मोठेपणी त्यानं पहिल्यांदाच वर बघितलं असावं. "आणि मधून कायतरी पांढरं पसरलंय. धूर हाय बहुतेक हेंडग्याचा."

"धूर नाही, मूर्खा. तीच आकाशगंगा. कुठून कुठपर्यंत आहे ते सांग."

त्यानं माझा हात धरून बोट पश्चिमेच्या बांधापासून वर नेलं, डोक्यावरून पूर्वेपर्यंत फिरवलं.  मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही संताप आला.

"कृत्तिका शोध," मी म्हणाले. "पूर्वेकडं, वर. झुबका. सापडला? किती आहेत?"

"सहा," तो म्हणाला. "सहाच दिसतात."

"तेव्हा तर सात म्हणायचास."

"तवा मोजल्याच नव्हत्या मी."

"मग आता परत मोज," मी म्हणाले. "मोठ्यानं, आणि एकेक. मला ऐकू येऊ दे."