वाढवून घेतलेलं वर्ष

गाडी घेतली तेव्हा आमच्या घरात आनंद सोडून बाकी सगळं झालं. बायको चार दिवस बोलली नाही. थोरल्या भावानं, "आता भीक मागायला तरी गाडीतनं जाशील," असा आशीर्वाद दिला. मी साखर कारखान्यातली सोळा वर्षांची कायम नोकरी सोडली होती, फंडाचा सगळा पैसा गाडीत घातला होता आणि आता टॅक्सी करणार होतो. ऐंशीनंतरची वर्षं होती ती. कायम नोकरी सोडणारा माणूस तेव्हा एक तर वेडा समजला जाई, नाहीतर अपहार केलेला. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत दोन्ही मतांची माणसं होती.

गाडी डिझेलवर चालणारी, पांढरी. राजारामपुरीतल्या शोरूममधून आणली. किल्लीबरोबर एक पुस्तिका मिळाली. वर्षभरात इंजिनात काही बिघडलं तर कंपनी फुकट दुरुस्त करून देईल, असं तिच्यात लिहिलं होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरात बऱ्याच अटी होत्या. मी त्या वाचल्या नाहीत. नवी गाडी घेतलेला माणूस अटी वाचत बसला तर त्याला गाडीचा आनंद काय होणार, असं माझं तेव्हाचं मत होतं.

आमच्याकडे नवी गाडी आधी देवीला न्यायची आणि मग मिस्त्रीला दाखवायची. कंपनीनं हजार वेळा तपासलेली असो, आपल्या माणसानं बॉनेट उघडून "हाय बरी" म्हटल्याशिवाय आमचा जीव भांड्यात पडत नाही. माझा मिस्त्री म्हणजे माझा तालमीतला जोडीदार. कुस्तीच्या एकाच हौद्यातल्या लाल मातीत आम्ही दहा वर्षं लोळलो. त्याचा आजा बग्ग्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा, बाप ट्रकांची इंजिनं बांधायचा, आणि हा मोटारींची. शुक्रवारी दुपारी नमाजाला जाण्यापुरतं गॅरेज बंद, एरवी त्याचे पाय कुठल्या तरी गाडीखालून बाहेर आलेले असायचेच. गाडी कोपऱ्यावर असतानाच तो आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. पेठेत त्याच्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

पहिल्याच महिन्यात मी भाडं घेऊन कोकणात उतरलो. परत येताना गगनबावड्याचा घाट चढायचा होता. गाडीत सहा माणसं, टपावर आंब्याच्या पेट्या. गाडी निम्म्या घाटात रडायला लागली. मागून आलेल्या ट्रकनं आम्हाला मागे टाकलं, तेव्हा मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, "पावणं, उतरून ढकलायची का?" बाकीचे हसले. मी डोक्यात राख घातली ती घातलीच. कोल्हापुरात माणसं सोडली आणि घरी न जाता तसाच मिस्त्रीच्या गॅरेजवर गेलो.

"पंप वाढव," मी म्हणालो. इंजिनाला डिझेल देणारा पंप थोडा मोकळा केला की गाडी चढाला ओढते, एवढं मला ठाऊक होतं. ट्रकवाले सर्रास करून घेत.

त्यानं बॉनेट उघडलं आणि पंपावरच्या बारीक तारेत ओवलेला शिशाचा मणी मला बोटानं दाखवला. "ह्ये सील बघ, मर्दा. ह्ये तुटलं की तुझी वारंटी खलास. वरीसभर दम काढ. वरीस झालं की मी सोता वाढवून देतो."

"गाडी माझी हाय का कंपनीची?"

"तुझीच की."

"मग तोड. न्हायतर दुसऱ्याकडं नेतो."

दुसऱ्याकडं, हे मी मुद्दाम म्हणालो. ते त्याला लागणार हे मला माहीत होतं. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, पक्कड घेतली आणि तार तोडली. अर्ध्या तासात पंप वाढवून दिला. पैसे घेतले नाहीत. "उद्या कुनी इचारलं तर म्हनू नगंस की मी सांगितलं न्हवतं," एवढंच म्हणाला. त्यानंतर गाडी घाटात अशी चढायची की मला स्वतःचाच हेवा वाटायचा.

दहा महिने बरे गेले. मग आमच्या स्टँडवरच्या एकाच्या गाडीचं इंजिन गेलं. माझ्याच गाडीची जोड, फक्त चार महिन्यांनी जुनी. वर्षाची मुदत संपून तीनच महिने झाले होते, त्यामुळे कंपनीनं हात वर केले. नव्या इंजिनाची किंमत ऐकून तो बाबा स्टँडवरच खाली बसला. त्याची गाडी दारात ताडपत्रीखाली उभी राहिली आणि तो दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून जाऊ लागला. मी रोज त्याच्या दारावरून जायचो. त्या ताडपत्रीकडे बघायचं नाही असं ठरवायचो आणि बघायचो.

माझी झोप उडाली. मला दुसरं काही येत नव्हतं. कारखान्यात परत कुणी उभं केलं नसतं. गाडी बंद पडली असती तर आम्ही चौघं काय खाणार होतो? माझी मुदत संपायला तीन आठवडे उरले होते. ती वाढवून कुठं मिळते का, म्हणून मी वेड्यासारखा फिरलो. विम्याच्या एजंटाला गाठलं. तो म्हणाला, विमा धडकेचा असतो, इंजिनाच्या म्हातारपणाचा नसतो. सांगलीच्या शोरूमला गेलो. त्यांनी, जिथून गाडी घेतली तिथंच जा, म्हणून चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. जोतिबाला गुलालाचा नवस बोललो. शेवटी राजारामपुरीच्या शोरूममध्येच कळलं की कंपनीनं नुकतीच सोय काढली आहे. जादा पैसे भरायचे, पहिलं वर्ष संपायच्या आत गाडी तपासून घ्यायची, की आणखी एक वर्षाची वॉरंटी. मला त्या फॉर्मच्या पाया पडावंसं वाटलं.

बुधवारी गाडी तपासायला नेली. मुदत शनिवारी संपत होती. सर्व्हिस मॅनेजर पुण्याकडचे, स्वच्छ शर्टाचे, बोलायला अतिशय गोड. त्यांनी टॉर्च घेऊन इंजिनात वाकून बघितलं आणि तसेच वाकलेले असताना विचारलं, "सील कुठं आहे?"

सीलाची गोष्ट मी खरोखर विसरलो होतो. त्यांनी पुस्तिका उघडून बारीक अक्षरातली ती अट मला वाचून दाखवली. बाहेरच्या माणसानं पंप उघडला असेल तर वॉरंटी वाढणार तर नाहीच, चालू आहे तीसुद्धा रद्द. मी हात जोडले. खरंच जोडले, कोपरापासून. त्यांना दया आली असावी. म्हणाले, "एक वाट आहे. मालकाच्या नकळत मेकॅनिकनं उघडलं असेल, तर तसं लेखी द्या. मेकॅनिकचं नाव, पत्ता घाला. आमचा माणूस जाऊन त्याला विचारून येईल. त्यानं कबूल केलं तर पंप तपासून नवीन सील लावतो आणि तुमचा फॉर्म पुढं पाठवतो."

"नाव न्हाय घातलं तर?"

"तर कागदाला अर्थ नाही."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना आजही माझी जीभ जड होते. त्याच शोरूमचा स्वतःचा मोठा वर्कशॉप सुरू होणार होता आणि हेडमिस्त्री म्हणून त्यांनी माझ्या ह्याच मिस्त्री मित्राला बोलावलं होतं. पुढच्या एक तारखेपासून. ही बातमी त्यानं पहिल्यांदा मला सांगितली होती. त्याची कंबर गेली होती. ओल्या फरशीवर पाठ टेकून गाडीखाली सरकताना तो आता कण्हायचा. तिथं गाडी वर उचलायची यंत्रं होती, महिन्याला पगार होता, बसायला खुर्ची होती. "आता माझी पाठ धरणीला लागायची न्हाय बघ," असं तो कुस्तीतल्यासारखं म्हणाला होता. आणि कंपनीचं सील चोरून तोडणाऱ्या माणसाला कंपनी हेडमिस्त्री करणार नव्हती, हे समजायला फार अक्कल लागत नव्हती.

गुरुवारी मी त्याच्या गॅरेजवर गेलो. सगळं सांगायचं, तो म्हणेल ते करायचं, असं ठरवून गेलो. तो शिंप्याकडून आला होता. वर्कशॉपच्या निळ्या कपड्यांचं माप देऊन. "पॅंटीला खिसं किती म्हाईत हाय? सा! पाना ठेवायला येगळा," तो सांगत होता आणि मी मान डोलवत होतो. पाऊण तास बसलो. चहा झाला. गाडी कशी आहे, त्यानं विचारलं. झकास, म्हणालो. आणि उठून आलो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. आता ती बोलत होती. तिनं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्यांना इचारलासा का?"

"इचारलं की," मी म्हणालो. "लिव म्हनाला."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि ताट वाढलं. मी जेवलो नाही.

शुक्रवारी सकाळी शोरूमच्या काउंटरवर उभं राहून मी कागद लिहिला. माझ्या संमतीशिवाय व मला न कळवता. अक्षर माझं चांगलं आहे, कारखान्यात सगळे माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. त्याचं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, गॅरेजचा पत्ता लिहिला. त्याची चौकशी करायला माणूस जाणार हे मला माहीत होतं. तो खरं सांगेल, माझं पितळ उघडं पडेल, आणि बरंच होईल, असंही एक मन म्हणत होतं. दुसरं मन ताडपत्री बघत होतं. त्या दुसऱ्या मनानं सही केली.

शनिवारी दुपारी गेलो तर गाडी तयार होती. पंपावर नवं सील चमकत होतं आणि फॉर्मवर शिक्का होता. माझा विश्वास बसेना. मी विचारलं, मिस्त्री काय म्हणाला?

"अहो, लगेच कबूल," मॅनेजर म्हणाले. "काही वाद नाही, काही नाही. आमच्या माणसानं कागद वाचून दाखवला, तर म्हणाला, व्हय, मीच तोडलं, मालकाला ठाऊक न्हवतं. खाली सही करून दिली. तुम्ही आलात म्हणून बरं झालं, नाहीतर असल्या माणसाच्या हातात आम्ही अख्खा वर्कशॉप देणार होतो. वाचलो बघा तुमच्यामुळे."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. शिक्का मारलेला कागद त्यांच्याच टेबलावर होता. साहेब, तो खोटं बोलला, त्यानं मला बजावलं होतं, मीच त्याला तोडायला लावलं, एवढी तीन वाक्यं. मी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि त्यांना नमस्कार केला.

आठ दिवस मी गॅरेजचा रस्ता टाळला. गल्लीबोळांतून गाडी काढायचो. नवव्या दिवशी असह्य झालं आणि चालत गेलो. ओल्या फरशीवर त्याचे पाय एका जीपखालून बाहेर आलेले होते, अंगावर तेच जुने काळे झालेले कपडे. मी उभा राहिलो. माझ्या चपला त्यानं ओळखल्या असणार, कारण तो हळूहळू सरकत, कण्हत बाहेर आला आणि भिंतीला धरून उठला.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मी सांगतो जाऊन त्यास्नी. आत्ता जातो."

तो चिंध्यांनी हात पुसत राहिला. एकेक बोट पुसलं. रागावला असता, कानाखाली वाजवली असती तर मी त्याच्या गळ्यात पडून रडलो असतो. त्याच्या तोंडावर राग नव्हताच.

"वाढली न्हवं वारंटी?" त्यानं विचारलं.

"वाढली."

"मग झालं. सांगू नगासा कुनाला. सांगितलासा तर तुमची बी जाईल." मग त्यानं समोरच्या हॉटेलकडे बघून हाक मारली, "एक पेशल च्या पाठव रं, पावणं आल्यात." आणि माझ्याकडे स्टूल सरकवून म्हणाला, "बसा की पावणं. मला जीप द्यायची हाय सांजंला."

तालमीच्या हौद्यापासून त्या दिवसापर्यंत त्यानं मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. तो पुन्हा फरशीवर पाठ टेकून जीपखाली सरकला. चहा आला. मी स्टुलावर बसून तो सगळा प्यालो, कारण नको म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.