जवसाची लाइन

फळ्यावरच्या एखाद्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवून ते विचारायचे, “ह्या शब्दाचं गाव कोन्तं जी, मॅडम?”

झरी जामणी तालुक्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते. ते आमच्या भागाचे लाइनमन, आणि त्यांची मुलगी माझ्या नववीच्या वर्गात. शाळेची वीज गेली की यायचे, काम उरकून चहाला थांबायचे, आणि मग शब्दांच्या चौकशा सुरू. माणसासारखा शब्दही कुठून तरी आलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. मी आपलं “इंग्लंडचा हो, दुसरं काय,” म्हणून टाळायचे. असा माणूस तुम्हालाही भेटला असेल, आणि तुम्हीही माझ्यासारखंच घड्याळाकडे पाहिलं असेल.

रद्दीतून त्यांनी एक जाडजूड डिक्शनरी आणली होती. वर्षभर ‘लाइन’ हा एकच शब्द धरून बसले होते. “रेशनची लाइन, रेल्वेची लाइन, वहीतली लाइन. पोरगं कोन्त्या लाइनीत हाये, तेही लाइनच. अन् मी लाइनमन. हे सारे एकाच घरचे असतीन का नाही?”

पालकसभेत हेडसरांनी त्यांना पाच मिनिटं दिली. आमचा वर्गही बसला होता. इस्त्रीचा शर्ट घालून आले, मुठीत जवस. म्हणाले, “लाइन म्हणजे मूळचा जवसाचा धागा. त्याच्या खोडाचा वाख काढून दोरा वळत. तो ताणला का सरळ रेघ भेटे. मंग रेघेलेच लाइन म्हनू लागले. मंग रांगेले, मंग तारेले...”

“भाऊ, लाइन जवसातून निघाली, तर करंट काय तिळातून निघाला?” मी म्हटलं. माझ्या जिभेला हाडच नाही. सभा खो खो हसली. फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकल्याशिवाय खांबाला हात न लावणारा हा माणूस, खात्री केल्याशिवाय बोलेल का, एवढंही मला सुचलं नाही.

तेही हसले. “मॅडम शिकेल आहेत, त्यायले जास्त माहीत,” म्हणाले आणि जवस खिशात टाकून खाली बसले. मुलगी मान खाली घालून बेंचचा कोपरा नखानं खरडत होती.

त्याच संध्याकाळी मोबाइलवर शोधलं. त्यांचं बोलणं खरं होतं. उद्या वर्गात सांगू म्हटलं. मग चाचणी आली, मग स्नेहसंमेलन. खोटं कशाला बोलू, लाज वाटली म्हणून सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही म्हणून आणखी लाज वाटत गेली. ते येत राहिले. “झालं जी, मॅडम,” एवढंच बोलायचे आणि चहा नको म्हणायचे. शब्दाचं गाव त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

उन्हाळ्यात त्यांची उमरखेडकडे बदली झाली. दाखला न्यायला मुलगी एकटीच आली. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. “तुझ्या बाबांचं बरोबर होतं गं.”

“मले माहीत हाये, मॅडम. सभेत डिक्शनरी माह्या दप्तरातच होती. मी काढून राह्यली होती, तर बाबानं खुणेनं नाही म्हटलं.”

“काहून गं?”

“घरी म्हने, मॅडमले ह्याच पोरायले रोज शिकवा लागते.”

ती पाया पडायला वाकली. मग दाखला दप्तरात ठेवून निघाली.

त्या वर्गाची आता दहावी होऊन गेली. पोरांना मी सांगितलं नाही ते नाहीच.