टँकरच्या गळतीखालची कळशी

तमिळ मुलखातल्या अण्णा नगरातील आमच्या इमारतीला रोज सकाळी टँकर येतो. त्याच्या गळक्या झडपेखाली मागच्या वस्तीतील एक बाई केशरी कळशी धरून गुणगुणत उभी असते. पावसानेही पुन्हा न भरणारे, खोल भूगर्भातले पाणी असे रस्त्यावर सांडावे, हा माझ्या मते गुन्हाच. झडप बदलावी, अशी संबंधित कार्यालयाकडे पत्र लिहून रीतसर तक्रार केल्याचे मी तिला एकदा सुनावले. तिचे गुणगुणणे थांबले.

“तुमच्या पत्रांना उत्तर येतं का, सार?” तिने तमिळमध्ये विचारले.

“आजवर एकालाही नाही.”

“मग खुशाल लिहा,” म्हणून ती खळखळून हसली आणि भरलेली कळशी तिने कमरेवर घेतली. मलाही हसू आवरले नाही.

माझा संताप कायम आहे. परंतु झडपेच्या त्या एका पत्राचे स्मरणपत्र मी अद्याप पाठवलेले नाही.