शिकागो किती लांब

"कोसात सांग! कागदावरचं बोट मला दावू नको," वडील ओरडत होते, आणि त्या आवाजानं पिंगळीच्या स्टेशनात उभी असलेली मालगाडी सिग्नल नसताना हलली, असं लोक सांगतात.

ओरडणं माझ्या थोरल्या भावावर होतं. त्याला शिकायला शिकागोला जायचं होतं आणि वडिलांची अट एकच: मी मेलो तर माझ्या मातीला हजर राहता येईल, एवढंच लांब जायचं. आमच्या भावकीचा तो दंडकच होता. सकाळी निरोप गेला की दिवस मावळायच्या आत माणूस अंगणात पाहिजे. लेकी द्यायच्या त्याही याच मापानं. मैल कोणाला ठाऊक? पालम म्हणजे दोन एसट्या, पूर्णा म्हणजे गाडीतली एक डुलकी, आणि पिंगळी म्हणजे तोंडातलं पान रंगायच्या आत. शिकागोला एसटी जात नव्हती, तिथंच घोळ झाला.

मामा मास्तर होते. त्यांनी शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा काखोटीला मारून आणला, सुतळीचं एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं शिकागोवर, आणि असला काही आकडा सांगितला की दारातल्या म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं.

भाऊ म्हणाला, विमान असं आडवं जातच नाही. वर उत्तर ध्रुवाच्या अंगानं जातं, ते जवळ पडतं. वळसा घालून वाट जवळ कशी पडेल? वडिलांना वाटलं, पोरगं आपल्याला गंडवायलंय. मग भावानं कोपऱ्यातलं भाजीचं डांगर, चांगला गरगरीत भोपळा, पुढं ओढलं आणि कोळशानं त्यावर दोन ठिपके काढले, एक या अंगाला, एक त्या. सुतळी पोटावरून ताणली तर लांब, देठाजवळून, म्हणजे ध्रुवाच्या अंगानं, ताणली तर चांगली चार बोटं कमी. मामा नकाशाकडे बघायले, वडील डांगराकडे, मी दोन्हीकडे, आणि कोणालाच काही उमगेना. नकाशाच खोटा असेल, असं मामा घाम पुसत म्हणाले. पण तो तर सरकारी होता.

"म्हंजी गाव एकच आन् लांबी दोन?" वडील म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "ऱ्हाऊ दे ते समदं. तार आली तर तू कवा येशील, तेवढं सांग."

भाऊ हिशेब करत बसला. तार, तिकीट, विमान, मग मुंबईहून रात्रीची गाडी. त्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यानं रस्ता बंद असला तर पुढं पायी. ध्रुवापेक्षा अलीकडचाच भाग अवघड निघाला.

"दोन दिवस," तो म्हणाला. नंतर खाली बघत म्हणाला, "तीनबी लागतील."

वडिलांनी डांगर परत कोपऱ्यात ढकललं.

"तीन दिवस मला कोन ठेवतंय?"

आई विळीवर होती. तिनं मान वर केली नाही.

"ठेवू की," ती म्हणाली.