देवासकरांचं गाऱ्हाणं

आमच्या देवासात समुद्र नाही, याबद्दल माझे होणारे व्याही मला मनापासून सहानुभूती दाखवत होते.

ते कोकणातले मासेमार. आमचा निखिल तिकडे बँकेत नोकरीला गेला आणि त्यांच्या मुलीच्या प्रेमात पडला. मुलगी गोड, आमची हरकत नव्हती. फक्त लग्नानंतर पोराने बदली घेऊन देवासजवळ इंदूरला यावं, एवढीच आस. (हिची तर आमच्या गावच्या टेकडीवरच्या मातेला रोज तीच विनवणी.) ते बोलायला म्हणून गेलो आणि नेमके त्यांच्या बेटावरच्या देवीच्या यात्रेत सापडलो.

होडीत व्याह्यांनी यात्रेचा सगळा इतिहास सांगितला. त्यांच्या खापरपणजोबांच्या वेळी वादळात भरकटलेल्या होड्या या बेटाला लागल्या आणि माणसं वाचली. तेव्हापासून दर वर्षी गावातली प्रत्येक होडी देवीला नारळ घेऊन येते. मी सारखी मान डोलवत होतो. खरं तर ती होडीच डोलवत होती.

देवीसमोर सगळा गाव हात जोडून उभा राहिला. व्याह्यांनी मला पुढे केलं आणि म्हणाले, "ह्या वर्साचा गाऱ्हाणा तुमी घाला."

आता आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार! पाहुण्याला बोलावून तक्रारी विचारतात, केवढा हा मोठेपणा! मी म्हटलं, छे छे, तक्रार कसली. कुणी हलेना. हिने कोपराने ढोसलं, "अहो, काही तरी बोला ना, बुरं वाटेल त्यांना."

"होडीत फार मळमळलं," मी चाचरत म्हणालो.

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव गरजला.

इतकी कदर मला घरी कधीच मिळाली नव्हती. मी चेकाळलो. खोलीत डास आहेत, सांगितलं. पोह्यांवर शेव नाही, सांगितलं. (शेवेवाचून पोहे म्हणजे माळव्याच्या माणसाला उपासच.) दर वेळी "व्हय म्हाराजा!" मग मनातलंच बाहेर आलं. "आमचा निखिल आता इथेच राहील. देवासला काही परत यायचा नाही."

"व्हय म्हाराजा!" हा आवाज सगळ्यात मोठा. व्याह्यांनी ओल्या डोळ्यांनी मला मिठीच मारली.

निखिल कानाशी येऊन कुजबुजला, "बाबा, इथे गाऱ्हाणं म्हणजे देवीकडे मागणं. बोलाल ते ती देते."

परतीच्या होडीत मला दुप्पट मळमळलं. खोलीत डासही दुप्पट. सकाळी पोहे आले, त्यांवर शेव नव्हती. तेव्हाच मी ओळखलं, पोरगा गेला.

आज तो तिथेच आहे, सुखात आहे. मागणारा मीच असल्यामुळे तक्रार करायचीही सोय राहिलेली नाही.